साडेचार मिलिमीटरची तफावत : आयर्लंडच्या रेल्वे आणि त्यांच्या प्रतिकृती

मंडळी, आजच्या विषयाचं नाव वाचून काही चेहऱ्यांवर हसू दिसतंय. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, आणि बोलणार कशावर, तर आयर्लंडच्या खेळण्यातल्या आगगाड्यांवर! हसा, हरकत नाही. फक्त 'खेळणं' हा शब्द तासभर बाजूला ठेवू. पुण्याच्या मंडळींनी कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलं असेल. तिथं नातवंडांना घेऊन गेलेले आजोबाच जास्त वेळ रेंगाळतात, हे आपल्या लक्षात आलंच असेल. आम्ही ज्या प्रतिकृतींबद्दल बोलणार आहोत त्या त्याच कुळातल्या. मूळ वस्तूच्या एका फुटाला इथं चार मिलिमीटर, म्हणजे इंजिन खऱ्याच्या साधारण शहात्तराव्या हिश्श्याएवढं. पण त्यावरचे रिव्हेट मोजून घ्यावेत इतकं काटेकोर.

आणि आयर्लंडच का, असं विचाराल. इंग्लंडच्या रेल्वेच्या प्रतिकृती जगभर मिळतात, त्यावर पुस्तकांचे ढीग आहेत. आयर्लंडचं तसं नाही. देश छोटा, रेल्वे छोटी, गिऱ्हाईक थोडं. पण इतिहास आणि त्याची प्रतिकृती यांच्यातला झगडा या छोट्या देशात जितका स्पष्ट दिसतो तितका मोठ्या देशांत दिसत नाही. इतिहासकाराला 'एकोणीसशे पन्नासच्या दशकात' असं लिहून पुढे जाता येतं. प्रतिकृती करणाऱ्याला ते चालत नाही. त्याला इंजिनाला रंग द्यायचा असतो, नंबर घालायचा असतो, रूळ टाकायचे असतात. 'नेमकं केव्हाचं?' या प्रश्नाला त्याला उत्तर द्यावंच लागतं.

रुळांपासूनच सुरुवात करू, कारण पहिली फसगत तिथंच आहे.

आयर्लंडमधली पहिली रेल्वे डब्लिन ते किंग्स्टाउन. १७ डिसेंबर १८३४ ला सुरू झाली. आपली बोरीबंदर–ठाणे १८५३ ची, म्हणजे आपल्याआधी अठरा वर्षं. ती बांधणारा ठेकेदार विल्यम डार्गन. त्याचा पुतळा आज डब्लिनच्या नॅशनल गॅलरीसमोर उभा आहे. आपल्याकडे ठेकेदाराचे पुतळे उभारण्याची चाल नाही, पण तो वेगळा विषय! तर या पहिल्या मार्गाच्या दोन रुळांमधलं अंतर इंग्लंडसारखंच होतं, ४ फूट ८॥ इंच. पुढं उत्तरेत अल्स्टर रेल्वे आली, १८३९ मध्ये बेलफास्ट ते लिस्बर्न. तिनं रूळ टाकले ६ फूट २ इंचांवर, कारण सरकारी आयोगाची शिफारसच तशी होती. डब्लिनहून उत्तरेकडे निघालेल्या डब्लिन–ड्रॉहेडा कंपनीनं ठरवलं, आम्हाला ५ फूट २ इंच पुरेत. आता बघा, एक रेल्वे वरून खाली येतेय, दुसरी खालून वर जातेय, दोघी पुढंमागं एकमेकींना भेटणार हे सगळ्यांना ठाऊक, आणि दोघींच्या रुळांत एका फुटाचा फरक!

अल्स्टरवाल्यांनी तक्रार केली. ती गेली मेजर जनरल पॅस्ली यांच्याकडे. हे लष्करी इंजिनिअर, तेव्हा रेल्वेचे मुख्य निरीक्षक. त्यांनी निरनिराळ्या तज्ज्ञांना विचारलं आणि निकाल दिला : ५ फूट ३ इंच. पॅस्लीसाहेबांनी सगळ्यांचे आकडे घेऊन सरळ सरासरी काढली, असं तिकडे गमतीनं सांगतात. कथा म्हणून ती छान आहे, कथा म्हणूनच घ्यावी. पण ही रुंदी तोपर्यंत आयर्लंडमध्ये कोणाकडेच नव्हती, एवढं खरं! १८४६ च्या कायद्यानं तीच आयर्लंडची अधिकृत रुंदी झाली. अल्स्टर रेल्वेला रूळ आत घ्यावे लागले, आणि पहिल्या किंग्स्टाउन मार्गाला १८५७ मध्ये बाहेर सरकवावे लागले. मग हाच ५ फूट ३ इंच ऑस्ट्रेलियात पोचला. सिडनीच्या रेल्वे कंपनीचा इंजिनिअर आयरिश होता, त्यानं आग्रह धरला. शेजारच्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियानं त्याप्रमाणे सामान मागवलं, आणि तेवढ्यात सिडनीवाल्यांनी मन बदलून इंग्लंडची रुंदी घेतली. ऑस्ट्रेलिया त्यानंतर शंभर वर्षं त्या गोंधळाची किंमत मोजत होता. आपली भारतातली ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, आयरिश रुळांहून तीनच इंच जास्त. म्हणजे या बाबतीत इंग्लंडपेक्षा आपण आयर्लंडच्या जवळचे.

आता प्रतिकृतीकडे या. ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त चालणारं माप 'डबल ओ' म्हणून ओळखलं जातं. त्याची जन्मकथा सोय पाहणाऱ्या माणसाची आहे. युरोपात एका फुटाला साडेतीन मिलिमीटर हे प्रमाण धरून १६.५ मिलिमीटरचे रूळ आले. ते हिशेबाला बरोबर बसतात. पण ब्रिटिश इंजिनं अंगानं लहान, आणि त्या काळच्या मोटरी मोठ्या. मोटर आत मावेना. तेव्हा इंजिन थोडं मोठं, चार मिलिमीटरच्या प्रमाणात केलं आणि रूळ मात्र तेच १६.५ ठेवले. वरचं धड एका मापाचं, खालचे पाय दुसऱ्या. आमच्या मिसेसनी हे ऐकून विचारलं, "म्हणजे सदरा मोठ्या भावाचा आणि विजार धाकट्याची?" अगदी तेच!

हिशेब करून बघा. चार मिलिमीटरला एक फूट, तर १६.५ मिलिमीटर म्हणजे ४ फूट १॥ इंच. इंग्लंडच्या गाडीला सात इंच कमी पडले. आयर्लंडच्या गाडीला कमी पडतात साडेतेरा इंच. खरी आयरिश रुंदी या मापात हवी २१ मिलिमीटर, दुकानात मिळते साडेसोळा. साडेचार मिलिमीटरची तफावत. ऐकायला काहीच नाही, पण समोरून बघितलं की अंगापिंडानं दणकट इंजिन गुडघे जुळवून उभं असल्यासारखं दिसतं.

म्हणून तिकडे दोन पंथ पडले. एक म्हणतो, चालायचंच, बाजूनं पाहिलं की कळत नाही. दुसरा २१ मिलिमीटरवाला. या पंथाची माणसं स्लीपर स्वतः कापतात, रूळ एकेक करून बसवतात, विकत आणलेल्या इंजिनाची चाकं काढून लांब ॲक्सलवर पुन्हा चढवतात. एक सांधा बदलायचा म्हणजे आठवडाभराच्या संध्याकाळी जातात. आम्हाला विचाराल तर आमची सहानुभूती या दुसऱ्या पंथाकडे आहे, आणि आमचं कपाट पहिल्या पंथाचं आहे. इंच इतके महत्त्वाचे का, असं कोणी म्हणेल. कारण ती रुंदी हा त्या देशानं स्वतः घेतलेला, भांडून घेतलेला निर्णय आहे. इंग्लंडच्या रुळांवर आयर्लंडची गाडी ठेवली की नकळत तो निर्णय पुसला जातो. भारतीय इंजिनांच्या प्रतिकृतीही बहुतेक त्याच साडेसोळा मिलिमीटरवर धावतात, हे जाता जाता लक्षात घ्या.

आणखी एक गंमत. आयर्लंडच्या पश्चिमेकडे आणि डोनेगॉलमध्ये तीन फुटी अरुंद रुळांच्या बऱ्याच गाड्या होत्या. वेस्ट क्लेअर, ट्रली–डिंगल, काउंटी डोनेगॉल. गरीब मुलखातल्या, उशिरा पोचणाऱ्या, लोकांनी गाणी रचून चेष्टा केलेल्या. चार मिलिमीटरच्या मापात तीन फूट म्हणजे बरोब्बर बारा, आणि बारा मिलिमीटरचे रूळ दुसऱ्या एका मापासाठी तयार होतात! राजधानीची मेल खोट्या रुळांवर, आणि खेड्यातली बापडी छोटी गाडी खऱ्या. वेस्ट क्लेअर १९६१ च्या जानेवारीअखेर बंद झाली, डोनेगॉलची त्याआधी वर्षभर.

हे झालं रुळांचं. खरी जखम पुढे आहे.

१९२० च्या सुमारास आयर्लंड बेटावर साडेपाच हजार किलोमीटरच्या वर रेल्वे होती. आज त्याच्या निम्मी धरा. त्या जाळ्याच्या मधोमध १९२१-२२ साली सरहद्द आली. सहा परगणे ब्रिटनकडे राहिले, सव्वीसांचं स्वतंत्र राज्य झालं. दक्षिणेतल्या बहुतेक कंपन्या १९२५ मध्ये एकत्र करून टाकल्या. पण ग्रेट नॉर्दर्न ही कंपनी डब्लिन ते बेलफास्ट धावणारी, तिचे फाटे सरहद्दीच्या आरपार गेलेले, तिला कोणत्या बाजूला घालणार? ती तशीच राहिली, दोन देशांत एक पाय एक पाय टाकून. स्ट्रॅबेन ते डेरी हा तिचा मार्ग बघा. दोन्ही गावं ब्रिटनच्या ताब्यात, पण रूळ नदीच्या पलीकडून, म्हणजे आयरिश राज्यातून जाणारे. एकाच देशातल्या शेजारच्या गावी जायला माणूस परदेशातून प्रवास करत होता.

सरहद्दीवर जकातीची तपासणी. गाडी थांबायची, डबे उघडायचे, लोणी-साखरेची चोरटी आवक शोधायची. यावर कंपनीनं तोड काढली ती 'एंटरप्राइज' गाडीची. तपासणी दोन्ही टोकांच्या स्थानकांवरच उरकायची आणि मध्ये कुठंही न थांबता डब्लिन–बेलफास्ट जायचं. ही गाडी पहिल्यांदा सुटली ११ ऑगस्ट १९४७ ला. ही तारीख आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली. त्याच आठवड्यात आपल्याकडेही सरहद्द आखली जात होती, आणि आपल्या गाड्यांवर काय गुदरलं ते या सभागृहातल्या सगळ्यांना माहीत आहे. दोन फाळण्यांची तुलना आम्ही करत नाही. एवढंच सांगतो की सरहद्द आली की रेल्वेला ती सगळ्यांत आधी लागते. बैलगाडी शेतातून वळसा घालते, रूळ वळसा घालत नाहीत.

या ग्रेट नॉर्दर्नची इंजिनं संग्राहकांची लाडकी. आकाशी निळा रंग, खाली तांबडी चौकट. १९१३ साली मँचेस्टरला बांधलेल्या 'एस' वर्गातल्या इंजिनांना डोंगरांची नावं होती. एरिगल, स्लीव्ह गलियन, स्लीव्ह डोनार्ड, गाल्टी मोर, कॅरनटूहिल. एरिगल डोनेगॉलात, स्लीव्ह गलियन आर्मामध्ये, कॅरनटूहिल पार दक्षिणेला केरीत. १९१३ ला हे सगळे एकाच देशाचे डोंगर होते. दहा वर्षांनी त्यातले काही परदेशी झाले. इंजिन तेच, नावाची पितळी पाटी तीच, धावण्याचा मार्गही तोच. डोनेगॉल तर बेटाच्या अगदी उत्तर टोकाला, पण राजकीय हिशेबात 'दक्षिण'!

१९५३ मध्ये तोट्यात गेलेली ही कंपनी दोन्ही सरकारांनी मिळून घेतली. हा प्रयोग पाच वर्षं टिकला. उत्तरेकडच्या सरकारनं १९५७ च्या सप्टेंबरअखेर फरमॅनाचे मार्ग बंद केले. पलीकडच्या बाजूला उरले ते तुटके तुकडे, त्यांचीही प्रवासी गाडी गेली. १९५८ ला कंपनीच मोडली आणि इंजिनं-डबे दोन बाजूंत वाटून घेतले. भावाभावांची वाटणी पाहिलेल्यांना चित्र डोळ्यांपुढं येईल. दक्षिणेच्या वाट्याला आलेल्या इंजिनांच्या नंबरापुढं 'एन' हे अक्षर रंगवलं. आता तुम्हाला निळं इंजिन करायचंय. नंबरापुढं 'एन' घालणार की नाही? घातलं तर फाळणीनंतरची वाटणी झाली. नाही घातलं तर त्याआधीचं, अजून एकत्र असलेलं घर. दीड मिलिमीटरचं अक्षर आहे ते. ते टाळून गाडी पुढं हाकता येत नाही.

आज डोनेगॉल, मोनाहन, कॅव्हन, फरमॅना, टिरोन या पाच परगण्यांत एक किलोमीटरही प्रवासी रेल्वे नाही. तिथं रेल्वे आहे ती लोकांच्या माळ्यावर आणि टेबलावर.

आता डिझेलकडे येऊ. इथं आमच्या जुन्या विषयाला जरा वाव आहे. आयर्लंडनं वाफेची इंजिनं फार लवकर सोडली. दक्षिणेत १९६३ लाच संपली. कारण साधं होतं, देशात कोळसा नाही. पीट म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती जाळून पाहिली, बुलिड नावाच्या नामांकित इंजिनिअरनं १९५७ मध्ये त्यासाठी एक इंजिनही बांधलं. ते एकच झालं आणि भंगारात गेलं. पण १९५५-५६ मध्येच सी.आय.ई.नं, म्हणजे तिकडच्या राष्ट्रीय वाहतूक मंडळानं, इंग्लंडहून 'ए' वर्गाची साठ डिझेल इंजिनं आणवली होती. आतला क्रॉस्ली यंत्रसंच त्रासदायक निघाला. तेव्हा १९६८ ते ७१ या काळात सगळ्या साठांचं पोट उघडून त्यात अमेरिकन जनरल मोटर्सचा संच बसवला. बाहेरचा सांगाडा तोच, नंबरही तोच, फक्त मागं 'आर' अक्षर जोडलं.

मिलिंदप्रश्न आठवा. नागसेन भिक्षू मिनँडर राजाला विचारतो, तू रथातून आलास म्हणतोस, तर रथ कोणता? चाकं म्हणजे रथ का, आस म्हणजे का, धुरा म्हणजे का? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागतं. वर्गात आम्ही हा उतारा शिकवायचो तेव्हा मुलं जांभया द्यायची. आम्हाला तेव्हा ही साठ इंजिनं माहीत असती तर बरं झालं असतं. यंत्र बदललेलं इंजिन हे तेच इंजिन का? रेल्वेच्या हिशेबनिसाचं उत्तर 'आर' या अक्षरात आहे : तेच आहे, पण तसंच नाही. यापेक्षा नेमकं उत्तर आम्ही कुठल्या भाष्यात वाचलेलं नाही.

रंगाचा प्रश्न याहून चिवट. ही इंजिनं आली तेव्हा रुपेरी होती. कारखान्यातून निघताना झळाळणारी, आणि थोड्याच दिवसांत काजळी-तेलानं माखून राखाडी. सी.आय.ई. त्या रुपेरी रंगाला कंटाळली, पुढं हिरवा आला, मग साठच्या दशकात काळा आणि भुरा, मग १९७२ पासून केशरी. काळ्या-भुऱ्या रंगाला रेल्वेप्रेमी सहज 'ब्लॅक अँड टॅन' म्हणतात. स्वातंत्र्ययुद्धात आयरिश खेड्यांवर अत्याचार करणाऱ्या ब्रिटिश पोलिसांचं हेच नाव! शब्द किती निर्ढावतात बघा.

आता इंजिन रुपेरी करायचं ठरलं, तर चकचकीत की मळकं? चकचकीत रूप खरं, पण काही आठवडेच खरं. मळकं रूप कैक वर्षं खरं. बाजाराचा कल मात्र उलटा आहे. डबा न उघडलेली, डाग नसलेली प्रतिकृती महाग विकते. बारीक ब्रशनं काजळी चढवली की तिची किंमत उतरते. म्हणजे सत्याच्या जवळ जाल तितकं नुकसान. संग्राहक आणि कारागीर यांच्यातलं जुनं भांडण हेच आहे, आणि यात आम्ही बिनशर्त कारागिराच्या बाजूचे. कपाटात बंद डबे रचून ठेवणाऱ्याला आम्ही संग्राहक म्हणत नाही, वखारवाला म्हणतो.

बाजाराचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आयरिश गाडी तयार मिळणं ही अगदी अलीकडची गोष्ट. पूर्वी ब्रिटिश इंजिनाच्या प्रतिकृतीला केशरी-काळा रंग फासून आयरिश म्हणून विकत. नाहीतर पितळी पत्र्याचे सुटे भाग आणून स्वतः डाख द्या. या शतकात डब्लिनच्या मर्फी मॉडेल्सनं १४१ वर्गाचं अमेरिकन डिझेल अस्सल मापानं काढलं आणि चित्र पालटलं. नंतर आयरिश रेल्वे मॉडेल्स या दुसऱ्या कंपनीनं 'ए' वर्गही आणला.

पण त्याच्या फार आधी एक माणूस होऊन गेला, सिरिल फ्राय. डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात रेल्वेचा इंजिनिअर. खऱ्या आराखड्यांवरून त्यानं आयर्लंडच्या इंजिनांच्या, डब्यांच्या, ट्रामच्या प्रतिकृती केल्या, आणि घरीच रूळ मांडून त्या चालवल्या. त्या काळात या गाड्या रस्त्यावर दिसत होत्या, कोणाला त्यांचं अप्रूप नव्हतं. पुढं मूळ गाड्या भंगारात गेल्या आणि फ्रायच्या प्रती उरल्या. बरीच वर्षं त्या मॅलहाइडच्या किल्ल्यात होत्या, आता त्याच गावात कसिनो नावाच्या गवती छपराच्या जुन्या घरात आहेत. १९४६ साली डब्लिनमध्ये आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटी निघाली, १९६४ ला रेल्वे प्रिझर्वेशन सोसायटी. हौशी माणसांनी काढलेल्या संस्था. सरकारं मार्ग बंद करत होती आणि ही मंडळी वेळापत्रकं, आराखडे, तिकिटं गोळा करत होती. 'स्लीव्ह गलियन' इंजिन आज शाबूत आहे ते त्यांच्यामुळे.

प्रतिकृतीला न जमणारी एक गोष्ट मात्र सांगायला हवी. १९२० च्या मे महिन्यात आयरिश रेल्वे कामगारांनी ठरवलं की ब्रिटिश सैन्य आणि त्यांचा दारूगोळा वाहायचा नाही. शिपाई बंदुका घेऊन डब्यात चढले की ड्रायव्हर, फायरमन, गार्ड खाली उतरायचे. गाडी जागची हलायची नाही. शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, तरी डिसेंबरपर्यंत हे चाललं. आता ते दृश्य टेबलावर मांडून दाखवा. फलाट, इंजिन, डबे, पावणेदोन इंचही नाही, जेमतेम एक इंच उंचीची रंगवलेली माणसं. नकार देऊन उभी असलेली गाडी आणि सिग्नलची वाट बघत उभी असलेली गाडी, दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. रिव्हेट मोजून हा फरक हाती लागत नाही. त्यासाठी कोणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं, आणि मॅलहाइडला असो की कोथरूडला, ते काम शेजारी उभ्या असलेल्या आजोबांकडेच येतं.

यंत्र बदललेल्या त्या साठांपैकी ३९ नंबरचं इंजिन उत्तर आयर्लंडमध्ये डाउनपॅट्रिकला जपलेलं आहे, पुऱ्या ५ फूट ३ इंचांच्या रुळांवर. कोणाची मुलं-सुना त्या बाजूला असतील तर त्यांना जरूर पाठवा, आणि समोर उभं राहून फोटो काढायला सांगा, बाजूनं नको. आता कोणाचे प्रश्न असतील तर घेऊ.